दोन बोटं ढिलं

सेलूच्या स्टेशन रोडला, कटलरीच्या दुकानाला लागून
साडेसहा फुटांची माझी जागा.
मशीन, इस्त्री, हुकांचा डबा, पडदा,
आणि पडद्यामागं सत्तावीस वर्षं.

वहीत मी नाव लिहीत नाही कुणाचं.
दोन टिंबं, उलटी कोयरी, चिंचेचं पान.
उलटी कोयरी वारली, तरी तिचं पान फाडलं नाही.
चिंचेचं पान म्हणजे कोण
ते तुम्हालाही सांगणार नाही.
छाती, कंबर, मुंढा, बाही, गळा पुढचा, गळा मागचा.
एवढंच लिहायचं.
बाकीचं टेपला कळतं,
टेप गुंडाळली की आतच राहतं.

कुणाची कंबर वाटणी झाल्यापासून उतरायली,
कोण माहेरी जाऊन इंचभर भरून येते,
मला माहीत.
एकीच्या दंडावर काळंनिळं दिसलं.
म्हणलं, "यंदा कोपरापर्यंत बाहीची फॅशन हाय. ठेवू का?"
"ठेवा," म्हणली.
याला पाच वर्षं झाली.
बाही अजून कोपरापर्यंतच आहे.

टेप लावायच्या आधी मी विचारते,
"हात वर करता का बाई?"
नको म्हणल्या तर जुनं ब्लाउज मापाला घेते.

मग भाच्यानं हे हातात दिलं.
"मावशी, गिऱ्हाईक डिझाईन पाठवतील, पैसे यातच येतील."
तेही विचारतंच म्हणा:
फोटो बघू का? आवाज ऐकू का? कुठं आहात ते कळू द्याल का?
'हो' हिरवंगार, अंगठ्याएवढं.
'नाही' असं राखाडी की चष्मा लावून हुडकावं,
हुडकून दाबलं
तर दोन दिवसांनी पुन्हा तेच,
जसं काही मी बोललेच नव्हते.

पोळ्याच्या आधी चिंचेचं पान आली.
पडदा ओढला तरी हळूच बोलली.
"मावशी, दोन बोटं ढिलं ठेवा.
घरी कुणाला सांगितलं नाही अजून.
मागच्या दोन्ही वेळचं तुम्हाला माहीतंय."
मी मान हलवली.
मोबाईल मशीनवर पालथा पडलेला,
झोपेचं सोंग घेऊन.

संध्याकाळी त्यात पाळणा.
सागवानी, मग प्लास्टिकचा, मग लंगोट, मग दुपटी.
त्यानं ऐकलं, का तिनं घरी रात्री काही शोधलं,
कुणास ठाऊक.
भाचा म्हणतो, "तसं नसतं मावशी, योगायोग."
योगायोगाला बरी परभणीकडची बोली कळती.

तिसऱ्या दिवशी तिची सासू दारात.
"मोबाईल उघडला की पाळणेच यायलेत गं.
आमच्या घरात कुणाचं काय हाय?"
माझ्या तोंडात टाचण्या होत्या.
एकेक काढली, सावकाश, गादीत खोचली.
म्हणलं, "माझ्यातबी यायलेत. मी साठीची."
हसली. गेली.
जाताना वळून एकदा बघितलं.

दिवाळीच्या आत ती ब्लाउजं परत आली.
"आवळून द्या."
मी विचारलं नाही.
उसवलं, दोन बोटं आत घेतलं, पैसे घेतले नाहीत.
मोबाईल पाळणे दाखवतच बसला, सूट देऊन देऊन.
त्याला टीप मारता येते.
उसवता येत नाही.

आता मी रोज दुपारी, दुकानात कुणी नसताना,
त्याला तोंडाजवळ धरून मोठ्यानं सांगते:
उंटाला झूल शिवायचीय.
उंटाचं माप कुठून घ्यायचं, मदारीवरून का खालून?
मानवतला उंट मिळतो का?
परवा खरंच उंट आला.
वाळवंट, तीन रात्री चार दिवस, निम्मे पैसे आत्ता भरा.
मशीनवर डोकं टेकून मी लई हसले.
पाय पायट्यावरच होता,
सुई धाग्याविना खालीवर झाली.

चिंचेचं पान परवाच येऊन गेली.
तिला बघितलं की पहिल्यांदा मोबाईल हुकांच्या डब्यात,
डबा शेजारी मुनीरभाईच्या गल्ल्यावर.
मुनीरभाई विचारत नाही.
मग पडदा.
मग मी,
"हात वर करतेस का?"